तीन सामन्यांच्या पुढचं

'तीन सामने हरले, नऊ गोल खाल्ले, एक मारला; २०१७च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकातून भारताला मिळालं काय?' असं विचारलं जातं. हा हिशेब आकड्यांपुरता बरोबर आहे. घानाने तर ४-० असं अक्षरशः पळवून दमवलं. पण कोलंबियाचा सामना त्याच ओळीत टाकणं मला पटत नाही. पहिल्या अर्धात आपल्या राहुलचा फटका खांबाला लागला. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर आपल्या जीक्सनने हेडरने बरोबरीचा गोल मारला तेव्हा मी घरात ओरडत उभा राहिलो होतो, आणि बसायच्या आत कोलंबियाने दुसरा गोल केला. तो मिनिट अजून टोचतो.

या हिशेबात येत नाही ते असं, की ही मुलं त्यानंतर पांगली नाहीत. त्यातली बरीचशी इंडियन ॲरोज या तरुण खेळाडूंच्या संघातून त्याच मोसमात आय-लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरली. गोव्यात बांबोळीला पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. आणि जीक्सन पुढे भारताच्या वरिष्ठ संघात खेळला.