थ्रॉटल बॉडीचं कूलंट बायपास करावं का? मदत हवी आहे

गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किमी, सीएनजी नाही. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप; ती बसते तो भाग म्हणजे थ्रॉटल बॉडी) केबलचा आहे, इलेक्ट्रॉनिक नाही. थ्रॉटल बॉडीखालच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीपाशी हिरवट पांढरे डाग दिसतात, महिन्याला साधारण २०० मिली कूलंट कमी होतं. दोन्ही होज आणि क्लिपा बदलल्या, रेडिएटर कॅपही नवीन. तरी पाझर आहेच. बहुतेक नळीच्या मुळाशीच गंज खाल्लाय. इंजिन तापत नाही, एक्झॉस्टला पांढरा धूर नाही, ऑइल स्वच्छ आहे.

नाना पेठेतून पार्ट आणायला गेलो तर अख्खी थ्रॉटल बॉडीच घ्या म्हणाले. मेकॅनिक म्हणतो, "कशाला खर्च करता साहेब, दोन्ही होज पितळी जॉइंटरने एकमेकांना जोडून टाकतो, कूलंट थ्रॉटल बॉडीत जाणारच नाही. पुण्यात कुठे बर्फ पडतोय?"

मुद्दा पटतो. हे गरम कूलंट मुख्यतः थंड, दमट हवेत थ्रॉटलवर बर्फ धरू नये म्हणून असतं, हे वाचलंय. बायपास केल्यावर आत जाणाऱ्या थंड हवेने पॉवर वाढते वगैरे मला नकोच आहे, फक्त गळती थांबायला हवी. पण काही गाड्यांत आयडल व्हॉल्व्हमधलं (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या झडपेतलं) मेण याच उष्णतेने फुगतं आणि इंजिन तापल्यावर आरपीएम खाली आणतं. माझ्यात तसा व्हॉल्व्ह असेल तर बायपासनंतर सिग्नलला गाडी १५०० वर गुरगुरत राहायची!

पावसाळ्यात महाबळेश्वरला दोन-तीन फेऱ्या होतात, एरवी गाडी शहरातच.

थ्रॉटल बॉडी न उघडता व्हॉल्व्ह मेणाचा की नुसता इलेक्ट्रिक, हे कसं ओळखायचं? आणि कुणी असा बायपास करून वर्षभर गाडी चालवली असेल, तर सकाळच्या स्टार्टला आणि आयडलला काय फरक पडला?