हार्ड डिस्क लावली की वायफाय गायब! कुणाला आलाय का असा अनुभव?

रामबागची_सून

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय.

घरी डेस्कटॉप आहे, विंडोज १०. त्यात वायफाय नाही, म्हणून मागच्या बाजूला नखाएवढा डोंगल लावलाय. राउटर बाहेरच्या खोलीत, मध्ये एक भिंत. एरवी नेट छान चालतं.

सासऱ्यांना फोटोंचा भारी नाद होता. राजवाडा, सराफा, अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या मिलच्या झांक्या (सजवलेले देखावे), सगळं त्यांनी टिपून ठेवलंय. ते स्कॅन करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतलं आणि आता नणंदेसाठी गूगल ड्राइव्हवर चढवायचंय. पण डिस्क लावली रे लावली की नेट रडायला लागतं. पान अर्धवट उघडतं, अपलोड अडकतं. डिस्क काढली की सगळं पूर्ववत! मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर त्याच वेळी व्हिडिओ सुरळीत चालू असतो.

नेटवाल्यांचा मुलगा येऊन गेला. राउटरचे दिवे बघितले, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड मोजला, "आंटी, लाइन तो एकदम बढ़िया है, कंप्यूटर में वायरस होगा" म्हणाला आणि चालता झाला. जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. त्याच्याकडे सर्दीपासून संधिवातापर्यंत फॉरमॅट हेच औषध असावं.

डिस्क मागच्या निळ्या पोर्टमध्ये, डोंगल तिच्या अगदी शेजारी. पुढच्या पोर्टमध्ये डिस्क लावून पाहिली तर टिकटिक आवाज करते आणि दिसेनाशी होते. आता काय करावं?

गोंधळी

ड्रायव्हर अपडेट केलात का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी असते, ती खूण काढा. माझं त्याने सुटलं होतं.

खटपट्या

गोंधळीभाऊ, ती खूण काढून नुकसान काही नाही, पण डोंगल झोपी जात असता तर डिस्क नसतानाही गेला असता. इथे डिस्क लावायचीच खोटी असते.

ताई, निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने माहिती धावते आणि तेवढ्या वेगात पोर्ट, केबल आणि डिस्क यांच्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर झिरपतो. नेमका तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो, आणि तुमचा डोंगल बहुधा तिथेच कान लावून बसलाय. शेजारीच एवढी ओरड असल्यावर भिंतीपलीकडच्या राउटरचं त्याला काय ऐकू येणार? मोबाइल लांब असतो म्हणून त्याला फरक पडत नाही. हे माझ्या मनाचं नाही, इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसकट सविस्तर टिपण काढलंय.

खात्री अशी करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की डीफॉल्ट गेटवेसमोर राउटरचा पत्ता दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ सारखा. त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर राउटरला सारखी हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवतो (ping, मग तो पत्ता, शेवटी डॅश आणि टी, म्हणजे थांबत नाही). मग डिस्क लावा. घरातल्या राउटरपर्यंतच उत्तरं उशिरा यायला लागली किंवा टाइम आउट दिसलं, तर बाहेरच्या लाइनचा काही संबंध नाही. वायरलेस माउस असेल तर तोही अडखळतो का बघा, तो पण बहुधा २.४ वरच चालतो.

उपाय स्वस्त आहे. साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, मीटरभर पुरे, आणि डोंगल टेबलावर पुढे आणा. शिवाय डिस्क मागच्याच काळ्या पोर्टमध्ये लावा. काळा म्हणजे सहसा २.०, ४८० मेगाबिटचा. कॉपी करताना तो हळू वाटेल, पण घरच्या नेटचा अपलोड त्याहून हळूच असतो, तुमचं काही अडणार नाही.

मालवी_माणूस

भिया, सगळे वायफायच्या मागे लागलेत, ती टिकटिक कुणी ऐकली का? पुढचे पोर्ट आतून बारीक वायरीने जोडलेले असतात, तिथे डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. २.० पोर्टकडून हिशेबाने ५०० मिलिअँपिअर, ३.० कडून ९००. वीज कमी पडली की डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. पण मरायला टेकलेली डिस्कही असाच आवाज करते! मागे लावल्यावर टिकटिक होते का? होत असेल तर अपलोड राहू द्या, आधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सासऱ्यांचे फोटो परत काढता येणार नाहीत.

रामबागची_सून

मागे लावल्यावर आवाज नाही. तरी धसका घेऊन सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवलं.

पिंग करून पाहिलं. डिस्क नसताना २-३ मिलिसेकंद, डिस्क लावल्यावर शेकड्यात आणि मधूनच टाइम आउट. मुलाच्या जुन्या सामानात एक्स्टेंशन सापडली, डोंगल आता मॉनिटरच्या पायापाशी आलाय. डिस्क निळ्या पोर्टमध्ये असूनही पिंग जागचा हलत नाही. माउस उड्या मारायचा तेही थांबलं. मी उगाच माउसपॅडला दोष देत होते. काळ्या पोर्टची गरजच पडली नाही.

खटपट्याभाऊ, मुलगा म्हणतो नवा डोंगलच घेऊ. घ्यावा का?

खटपट्या

घाई नाही, चालतंय ते चालू द्या. घ्यायचाच झाला तर डब्यावर ५ गिगाहर्ट्झ किंवा ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही) लिहिलंय का बघा. नुसतं ३०० एमबीपीएस लिहिलेले बहुतेक २.४ वालेच असतात. आणि राउटरलाही ५ हवं, नाहीतर पैसे वाया. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायची २.४ आणि ५ अशी दोन वेगळी नावं दिसतात का, ते आधी तपासा.