आधी आवाज जुळवा, मग तुलना

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर ऐकून ‘पहिला जास्त दमदार’ असं ठरवलं जातं, पण तिथेच फसगत होते. ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं एकक) हेडफोन त्याच फोनवर ३०० ओहमच्यापेक्षा बहुधा मोठा वाजतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’च वाटतो. इक्वलायझर (बास-ट्रेबल कमीजास्त करणारी सेटिंग) बंद करून, एखाद्याचं साधं बोलणं दोन्हींत सारखं ऐकू येईल इतका व्हॉल्यूम जुळवा. मग २०-३० सेकंदांचा एकच तुकडा आलटून पालटून ऐका. तबला असेल तर उत्तम: डग्ग्यावर मनगट सरकताना सूर वरखाली होतो तो स्पष्ट कळला पाहिजे, नुसती घूं घूं नको.

चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच ऐकावं. काडीपाशी गादीला फट पडते आणि मागून बंद असलेल्या (क्लोज्ड-बॅक) हेडफोनचा बास, म्हणजे खालचे जड सूर, तिथूनच गळतो.