चंद्राच्या पाठीवरून माती आणणाऱ्यांनी रॉकेटचे तुकडे कुठेही पडू द्यावेत का?

मृगशीर्ष (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये चीनने तीन आठवड्यांत दोनदा रॉकेटचा पहिला टप्पा (सुरुवातीला जोर देऊन सुटा होणारा सगळ्यात खालचा भाग) सरळ उभा उतरवायचा प्रयत्न केला. ३ तारखेला लँडस्पेस या खासगी कंपनीचं झुच्यू-३ आणि २३ तारखेला सरकारी लाँग मार्च-१२ए. दोघांचीही ही पहिलीच उड्डाणं होती. दोन्ही रॉकेटं कक्षेत पोचली, पण दोघांचेही पहिले टप्पे उतरताना गेले. त्यावर आपल्याकडे काही जण "आपटले एकदाचे" म्हणून खूश झाले, तर काहींनी "आपण अजून कुठे आहोत बघा" म्हणून कपाळावर हात मारला. मला दोन्ही पटत नाही.

आधी कौतुक, आणि ते मनापासून. चँग-ई ६ मोहीम मी दिवसागणिक वाचत होतो. चंद्राची मागची बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही, त्यामुळे तिथून थेट संदेश येऊ शकत नाही. म्हणून चीनने मार्च २०२४ मध्ये क्वेच्याओ-२ हा निरोप्या उपग्रह आधी पाठवून ठेवला. २ जूनला यान अपोलो विवरात उतरलं. एकदा ड्रिलनं खणलं, एकदा यांत्रिक हातानं खरवडलं, मग वरचा भाग तिथूनच उडाला, चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला जोडला गेला, आणि २५ जूनला कुपी इनर मंगोलियाच्या माळरानावर अलगद उतरली. आत १,९३५.३ ग्रॅम माती. माणसानं चंद्राच्या त्या बाजूची माती पहिल्यांदा हातात घेतली.

आता त्याच महिन्यातली २२ तारीख. कुपी घरी यायच्या तीन दिवस आधी चीन-फ्रान्सचा एसव्हीओएम हा खगोल उपग्रह शीचांगच्या प्रक्षेपण तळावरून लाँग मार्च-२सी रॉकेटवर उडाला. त्याचा वापरून झालेला टप्पा क्वेइचौ प्रांतात एका गावाजवळ पडला. व्हिडिओत पिवळसर तांबडा धूर सोडत तो खाली येताना दिसतो, आणि माणसं कानावर हात ठेवून पळतात. ती वाफ विषारी असते, कारण या जुन्या रॉकेटांत हायड्रॅझिनच्या कुळातलं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड भरलेलं असतं.

ज्यांना पावणेचार लाख किलोमीटरवरून कुपी ठरल्या ठिकाणी उतरवता येते, त्यांना कौशल्य कमी पडतंय असं मी मानणार नाही. खाली राहणारा माणूस त्यांच्या हिशेबातच धरलेला नाही, असं माझं मत आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला पडलेली धातूची कडी आठवा. ती लाँग मार्च-३बी च्या तिसऱ्या टप्प्याची असावी असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

देशाचा अंतराळ कार्यक्रम फक्त वर काय गेलं यावर मोजायचा का? तुमचं मत मांडा.

सडेतोड

धागा पोटतिडकीनं लिहिलाय, पण दिशा चुकली आहे. २०२४ मध्ये चीनची ६८ प्रक्षेपणं झाली आणि आपली ५. या आकड्यांकडे बघितल्यावर आपण कचऱ्याबद्दल बोलायला लागतो, तेव्हा मला ती पळवाट वाटते.

शीचांग डोंगरात आहे कारण ते निवडलं तेव्हा चीनला अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांच्या हल्ल्याची भीती होती. किनाऱ्यावर तळ बांधणं तेव्हा धोक्याचं होतं. आता हायनान बेटावर वेनचांग आहे. तिथे खाली समुद्र आहे. नवी रॉकेटं केरोसीन, हायड्रोजन आणि मिथेनवर चालतात. जुनी हळूहळू बाद होतील. इतकी मोठी यंत्रणा एका रात्रीत हलत नाही.

आणि आपलं काय? चंद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ चा वरचा टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये अनियंत्रितच खाली आला. उत्तर पॅसिफिकवर आला म्हणून कुणाला कळलं नाही. त्याच वर्षी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तुकडा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला होता. लाडबोरीवर बोलताना हेही बोला.

मृगशीर्ष

चंद्रयानाच्या रॉकेटचा मुद्दा मान्य. मी तो मूळ लेखात घ्यायला हवा होता. तो टप्पा गावावर आला असता तर मी हाच धागा इस्रोविरुद्ध काढला असता.

पण ऑस्ट्रेलियाचा तुकडा वेगळा. तो टप्पा समुद्रातच पडावा अशी आखणी असते, तो वाहत किनाऱ्याला लागला, आणि इस्रोनं तो आपला असल्याचं मान्य केलं. चीनचं लाँग मार्च-५बी बघा. अंतराळ स्थानकाचा भाग कक्षेत नेताना त्याचा मुख्य गाभाच कक्षेत जातो आणि इंजिन पुन्हा पेटवून त्याला खाली आणायची सोय नाही. मे २०२० मध्ये तुकडे आयव्हरी कोस्टमध्ये पडले. हे दिसल्यावरही मे २०२१ मध्ये तेच झालं, तेव्हा अवशेष मालदीवजवळ समुद्रात गेले. २०२२ मध्ये आणखी दोनदा झालं, आणि नोव्हेंबरात स्पेनला आपल्या आकाशाचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवावा लागला.

"यंत्रणा एका रात्रीत हलत नाही" हेही मला पुरेसं वाटत नाही. १५ फेब्रुवारी १९९६ ला शीचांगहून पहिलंच लाँग मार्च-३बी उडताच कलंडलं आणि वस्तीजवळ कोसळलं. अधिकृत आकडा ६ मृतांचा. त्याला तीन दशकं होत आली.

झाडीपट्टीकर

लाडबोरीचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्या पाडव्याला मी मामाकडे होतो, सिंदेवाही तालुक्यातच. जेवणं व्हायची होती. उत्तरेकडे लालसर पट्टे दिसले, एकामागे एक, विमानापेक्षा कितीतरी सावकाश चाललेले. उल्का म्हणावी तर एवढा वेळ कशी दिसेल? आजी हात जोडून उभी राहिली. मग लाडबोरीला काहीतरी पडल्याचे फोन सुरू झाले.

कडी मी दुसऱ्या दिवशी लांबून पाहिली. बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट म्हणा, तीनेक मीटरची, एका बाजूला काळी पडलेली. आसपासच्या गावांत गोळेही सापडले, फुटा-दीड फुटाचे, वरून दोरा गुंडाळल्यासारखे. एप्रिल म्हणजे आमच्याकडे मोहफुलांचे दिवस. पहाटे अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन जंगलात जातात. वाघाची भीती असतेच, त्यात आता जमिनीवर नजर ठेवून चाला, काही दिसलं तर हात लावू नका. पण ते गोळे विषारी आहेत का, फुटतात का, हे विचारायचं कुणाला, तेच गावात कुणाला माहीत नव्हतं.

सडेतोड, तुमचे आकडे बरोबर असतील. फक्त "कुणाला कळलं नाही" हे वाक्य आमच्या बाजूनं वाचून पाहा.

लेथवाला

मी भोसरीत मशिनिंगमध्ये आहे. अंतराळाचे पार्ट आम्ही क्वचित केलेत, ते मोठ्या पुरवठादाराकडून उतरत आलेले. त्या अनुभवावर बोलतो.

पहिला पीस पास व्हायलाच जीव जातो. बोअरमध्ये दोन-चार मायक्रॉनची चूक चालत नाही, प्रत्येक पीसबरोबर मटेरियलचा कागद लागतो. पोरगं सहा महिन्यांत तयार होतं, काम जमायला लागतं, आणि ऑर्डर संपते. पुढची कधी, माहीत नाही. तोवर तो पोरगा गाड्यांच्या पार्टवर गेलेला असतो. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं होतात, वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं होतात, म्हणजे हात आपल्याकडे आहेत. सलग काम नाही. वर्षाला ५ आणि ६८ यातला फरक मला तिथे दिसतो.

चीनने २०१४ मध्ये खासगी पैशाला दार उघडलं. लँडस्पेसचं झुच्यू-२ जुलै २०२३ मध्ये मिथेनवर कक्षेत पोचलेलं जगातलं पहिलं रॉकेट ठरलं. म्हणजे स्पेसएक्सच्याही आधी. घाईचे तोटे आहेतच. जून २०२४ मध्ये हेनान प्रांतात गोंगयीला तियानलोंग-३ या खासगी रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर चाचणी चालू असताना बांधणीतून सुटला आणि उडाला. बांधून ठेवलेलं रॉकेट उडणं म्हणजे काय, ते मशीनवाल्याला विचारा. माझ्या अंगावर काटा आला होता.

पण मृगशीर्ष, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या डिसेंबरच्या अपयशातच आहे. जो टप्पा तळावर उतरतो तो कुणाच्या घरावर पडत नाही. स्पेसएक्सच्या फाल्कन-९ चा टप्पाही आधी बऱ्याचदा आपटला, आणि मग डिसेंबर २०१५ मध्ये उतरला. चीनला हे जमावं असं मला मनापासून वाटतं.

मृगशीर्ष

लेथवाला, हे पटलं. फक्त उतरतो तो पहिला टप्पा. लाडबोरीची कडी तिसऱ्याची होती, कक्षेत वर्षाहून जास्त फिरून आलेली.

वाचनवेडी

कचरा फक्त खालच्यांवर पडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेन्झोऊ-२० यानाचे तीन अंतराळवीर अंतराळ स्थानकावरून ५ तारखेला परतणार होते. परतीच्या कुपीच्या खिडकीला बारीक तडे दिसले. कचऱ्याचा कण लागल्याचा संशय. शेवटी ते १४ तारखेला शेन्झोऊ-२१ मधून परतले. म्हणजे नव्या तिघांचं यान घेऊन. वर राहिलेल्या तिघांकडे शेन्झोऊ-२२ माणसांशिवाय येईपर्यंत, २५ नोव्हेंबरपर्यंत, परतायला भरवशाचं यान नव्हतं. त्या अकरा दिवसांत त्यांच्या घरच्यांना झोप कशी लागली असेल?

हा कण कुणाचा, हे सांगता येणार नाही. पण जानेवारी २००७ मध्ये चीनने स्वतःचाच फेंगयुन-१सी उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला आणि माग काढता येतील असे ३,००० हून जास्त तुकडे केले. साडेआठशे किलोमीटरवर. त्यातले कितीतरी अजून फिरताहेत.

सडेतोड

वाचनवेडी, तीच घटना मला उलट दिसते. तीन आठवड्यांत पुढचं यान उभं करून पाठवलं! सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठवड्याभरासाठी गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परत आल्या. तयार रॉकेट आणि तयार यान राखून ठेवणं ही माणसाच्या जिवाची काळजीच आहे. मग "हिशेबात माणूस नाही" कसं म्हणता?

उपग्रह आपणही फोडला, २७ मार्च २०१९ ला.

वाचनवेडी

हो, आणि तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं. पण तो सुमारे ३०० किलोमीटरवर होता, बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. उंचीचा फरक मोठा आहे.

तुमच्या प्रश्नावर एवढंच म्हणेन की यानातल्या माणसाची काळजी ते घेतात, हे मलाही दिसतं. क्वेइचौच्या शेतातला माणूस यानात नसतो.

सडेतोड

हे वाक्य लागलं. तरी माझं मत बदललेलं नाही: आपण आधी वर जायला शिकलं पाहिजे.

बरं, कायदाही आहे. १९७२ च्या दायित्व कराराप्रमाणे जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारा देश दोष सिद्ध न होताही जबाबदार असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस-९५४ कॅनडात पडला तेव्हा कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. लाडबोरीत कुणाला इजा झाली नाही, घर पडलं नाही. मग दावा कशाचा करणार?

झाडीपट्टीकर

मोहफुलं पंधरा-वीस दिवस पडतात. मामीनं त्यातले चार दिवस पोरांना जंगलात जाऊ दिलं नाही, स्वतःही गेली नाही. झाडाखाली पडलेली फुलं दुपारच्या उन्हात काळी पडतात, मग व्यापारी घेत नाही. त्या पैशातून घरात पावसाळ्याआधीचा किराणा भरतात. तुमच्या करारात हे नुकसान बसत असेल तर सांगा, मी मामीला विचारून आकडा कळवतो.