जेलमध्ये भावासोबत काहीतरी वाईट होतंय असं वाटतंय, तक्रार कुठे आणि कशी करायची?

काळजीत_बहीण:

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. जेलचं नाव, गाव काही देत नाहीये, समजून घ्या. माझा भाऊ 19 वर्षांचा आहे. कॉलेजबाहेर मारामारी झाली त्यात याचंही नाव आलं, आधी पीसीआर (पोलीस कोठडी) मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आता पाच आठवडे झाले आत आहे.

परवा मुलाकातीला गेले होते. काचेपलीकडे स्टूल होतं तरी तो पूर्ण वेळ उभाच, बस म्हटलं तर नको म्हणाला, फोन कानाला लावून सारखा मागे बघत होता. आईच्या बीपीचंसुद्धा विचारलं नाही, एरवी पहिलं तेच विचारतो. दोनच गोष्टी बोलला. पुढच्या वेळी गडद रंगाची पँट आण, आणि वकिलांना सांग माझी बरॅक बदलून द्या. का रे म्हटलं तर "ताई तू विचारू नको". तेव्हापासून मला झोप नाही.

बाहेर निघताना गेटवरच्या शिपायाला नुसतं विचारलं की बरॅक बदलून मिळते का, तर तो म्हणाला कोणाविरुद्ध तक्रार आहे ते नाव सांगा आधी. मी घाबरून निघून आले. आमचे वकील म्हणतात पंधरा दिवसांत जामीन होईल तोपर्यंत गप्प बसा, उगाच आत त्रास वाढेल. खरंच गप्प बसायचं का? आईला अजून काही सांगितलेलं नाही.

बरॅक_ते_घर:

ताई, मी सात महिने आत काढून आलोय, नंतर निर्दोष सुटलो. तुमच्या पोस्टमधली पँटची ओळ वाचली आणि फोन खाली ठेवला थोडा वेळ. तुमचा संशय बरोबर आहे असं धरूनच चाला.

पोरांवर अशी लैंगिक बळजबरी कशी होते ते सांगतो कारण बाहेरच्यांना वाटतं अंगावर धावून येतात, तसं क्वचितच होतं. पोरगा नवीन येतो, हातात काही नसतं, बरॅकमध्ये माणसं इतकी की कुशीवर झोपायचं, पाठ टेकायला जागा नाही. पहिल्या रात्री संडासाजवळ झोपावं लागतं. मग कोणीतरी जुना माणूस प्रेमाने बोलावतो, इकडे ये, ही घे चादर, कॅन्टीनचं बिस्कीट खा, कोणी त्रास दिला तर माझं नाव सांग. चार दिवसांनी त्या चादरीचा हिशोब मागतो. संध्याकाळी बंदी झाली की सकाळपर्यंत दार उघडत नाही, शिपाई बाहेर फिरत असतो, आत काय चाललंय ते आतल्यांनाच माहीत. आणि ज्या पोराला मुलाकातीला कोणी येत नाही, मनीऑर्डर येत नाही, तो पहिला हेरला जातो.

म्हणून उद्याच्या उद्या त्याच्या नावावर मनीऑर्डर करा, जेवढी चालते तेवढी. साबण, बिस्कीट, चादर यासाठी त्याला कोणाकडे हात पसरावा लागू नये. आणि मुलाकातीची एकही तारीख चुकवू नका, याच्यामागे माणसं आहेत हे आत दिसलं पाहिजे.

पण एक, बरॅक बदलण्याआधी तक्रार करू नका. तक्रार केली आणि रात्री त्याच बरॅकमध्ये परत गेला तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

अण्णा_नगर:

वाईट वाटून घेऊ नका पण जेल म्हणजे काही मामाचं घर नाही. मारामारी करताना विचार करायला हवा होता. आणि मुलगा आहे, सांभाळेल स्वतःला.

लीगल_एड_वकील:

अण्णा, कोर्टाने त्याला फक्त डांबून ठेवायला सांगितलंय, तेही खटला चालेपर्यंत, गुन्हा अजून सिद्ध नाही. देशातल्या जेलांत 100 पैकी 75 च्या आसपास माणसं अशीच न्यायाधीन आहेत. आणि "मुलगा आहे, सांभाळेल" याच एका वाक्यामुळे पोरं तोंड उघडत नाहीत हो.

ताई, शिपायाला नाव सांगितलं नाहीत ते अगदी योग्य केलंत. तुमचा भाऊ जेलरच्या नाही, कोर्टाच्या ताब्यात आहे. ज्या मॅजिस्ट्रेटने एमसीआर दिली त्यांच्याकडेच थेट अर्ज करायचा. अर्जात आरोप सविस्तर लिहू नका, एवढंच लिहा की आरोपीच्या सुरक्षिततेबद्दल आणि तब्येतीबद्दल गंभीर काळजी आहे, त्याला व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) नको, प्रत्यक्ष हजर करा आणि पोलीस किंवा जेलचा माणूस समोर नसताना त्याचं ऐकून घ्या. व्हीसीवर काय होतं मी रोज बघतो. स्क्रीनवर साहेब विचारतात काही तक्रार आहे का, पोराच्या मागे शिपाई उभा असतो, पोरगा एकदा त्याच्याकडे बघतो आणि नाही म्हणतो. तीन सेकंद लागतात.

वरच्या दादांची भीती खरी आहे, पण उपाय थांबणं हा नाही. बरॅक बदल, मेडिकल आणि त्या रात्रींचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवणं, तिन्ही मागण्या एकाच अर्जात करायच्या म्हणजे आदेश एकदमच होतो आणि पोरगा जुन्या बरॅकमध्ये परत जातच नाही. त्यात हेही लिहा की तो 21 च्या आतला आहे. 1894 च्या प्रिझन्स ॲक्टच्या कलम 27 मध्येच आहे की 21 च्या आतल्या पुरुष कैद्यांना इतरांपासून वेगळं ठेवायचं, आणि न्यायाधीन कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं. इंग्रजांच्या काळातला नियम आहे, नवीन काही मागत नाही आपण. फक्त "सुरक्षेसाठी" म्हणून त्याला एकट्याला सेपरेटमध्ये कोंडून ठेवतील तर तेही नको म्हणून स्पष्ट लिहा, ती त्यालाच शिक्षा होते.

एक प्रकरण माहीत असू द्या. तिहारमध्ये एका वॉर्डरने पैशांसाठी एका कैद्याच्या गुदद्वारात काठी घालून छळ केला. मग पडला, स्वतःच करून घेतलं, मूळव्याध आहे अशा गोष्टी रचल्या गेल्या, जेलच्या डॉक्टरवरही दबाव आणला. ते बाहेर आलं कारण सुनील बत्रा नावाच्या दुसऱ्याच कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली. कोर्टाने ती चिठ्ठीच याचिका म्हणून घेतली आणि 1979 च्या डिसेंबरमध्ये निकाल दिला, त्यात जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवा, जिल्हा न्यायाधीशांनी जाऊन कैद्यांना भेटा असे आदेश आहेत. पेटी बहुतेक जेलांत आहे, पण ती कुठे लावलीय ते बघा. अधीक्षकांच्या ऑफिससमोर पेटी असेल तर तिच्यात चिठ्ठी टाकायला कोण जाईल.

आणि एक कडू गोष्ट. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली त्यात पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणारं जुनं 377 कलम पूर्णच गेलं. संमतीच्या संबंधांसाठी ते 2018 लाच रद्द झालं होतं, ते योग्यच होतं, पण आता सज्ञान पुरुषावर बळजबरी झाली तर बलात्काराचं कलमच नाही. गंभीर दुखापत, धमकी असली कलमं लावावी लागतात. 18 च्या आतल्याला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे, तिथे मुलगा-मुलगी भेद नाही. याला एक वर्षाने ते कवच नाही. मला याचा फार राग येतो.

निवृत्त_समाजसेविका:

बाळ, आधी मेडिकलचं. शेवटचा प्रकार होऊन 72 तास झाले नसतील तर एचआयव्ही टाळायची औषधं सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं. 72 तास उलटले असले तरी सिव्हिलला तपासणी हवीच, जखम आहे, संसर्ग होऊ शकतो. जेलच्या दवाखान्यावर थांबू नका. ते कपडे त्याने धुतले नसतील तर धुवू नकोस म्हणावं, कागदी पिशवीत ठेवायला सांग.

पुढच्या मुलाकातीत "काय झालं" असं विचारू नकोस. फोनवर, काचेपलीकडे माणसं असताना ते तो कधीच सांगणार नाही. एवढंच म्हण, "तुझी काही चूक नाही, मी कोर्टात अर्ज केलाय, साहेबांनी एकट्याला विचारलं तर सगळं सांग." माझ्या अनुभवात मुलं ऐकतात ते फक्त पहिलं वाक्य.

मी बहुतेक वर्षं बायकांच्या बरॅकमध्ये काम केलं. तिथे आज जे थोडंफार संरक्षण आहे ते महाराष्ट्रातल्याच बायकांनी किंमत मोजून मिळवलंय. 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, 1978 ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, चार कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा 1983 ला कायद्यात कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कडक शिक्षा आली. आणि त्याच वर्षी शीला बर्से यांच्या प्रकरणाचा निकाल लागला. त्या पत्रकार. मे 1982 मध्ये मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये 15 बायकांना भेटल्या, त्यातल्या 5 जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाली. कोर्टाने निर्मला निकेतनच्या संचालिकांना आत पाठवून खात्री करून घेतली आणि मग आदेश दिले की बायकांसाठी वेगळे लॉकअप, पहारा महिला पोलिसांचा, चौकशी महिला पोलिसांसमोरच, हक्कांची पाटी मराठीत लावायची, न्यायाधीशांनी न सांगता अचानक जायचं. आणि मॅजिस्ट्रेटने समोर आणलेल्या प्रत्येकाला विचारायचं, छळ झाला का. वकीलसाहेब म्हणतात तो तीन सेकंदांचा प्रश्न इथून आला. म्हणून तो नीट विचारला गेला नाही की माझा जीव तुटतो.

जर्सीकर:

मी अमेरिकेत असतो, इथे 2003 ला जेलमधल्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध वेगळा कायदा झाला आणि 2012 ला त्याचे नियम आले, पुरुष कैद्यांनाही तेच लागू. तक्रारीचा निदान एक रस्ता जेलच्या बाहेरच्या संस्थेकडे जायला हवा, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीला मुदत नाही, दर तीन वर्षांनी बाहेरचा ऑडिटर येतो आणि कैद्यांशी खाजगीत बोलतो. सगळं थांबलंय असं अजिबात नाही, पण निदान मुलाने बोलायचं कोणाशी हा प्रश्न तरी राहत नाही. आपल्याकडेही बाहेरचा माणूस गेला की फरक पडतो, बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार टिस या मुंबईच्या समाजविज्ञान संस्थेच्या टीमने केलेल्या ऑडिटमधून 2018 ला बाहेर आले, 2020 ला त्यात जन्मठेपा झाल्या.

काळजीत_बहीण:

अपडेट देतेय. आमच्या वकिलांनी अर्ज करायला नकार दिला म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले, तिथल्या मॅडमनी त्याच दिवशी अर्ज टाकला. काल त्याला प्रत्यक्ष आणलं. साहेबांनी त्याला घेऊन आलेल्या पार्टीवाल्या पोलिसांना दाराबाहेर उभं केलं, वकील मॅडम आत होत्या, मी बाहेर बाकावर. वीस मिनिटं दार बंद होतं. तिथून थेट सिव्हिलला नेलं, औषधं सुरू केली, बरॅक बदलली. फुटेजचा आदेशही झालाय. एफआयआरचं अजून व्हायचंय. आईला मी काल रात्री सांगितलं.

गाडीत चढताना त्याने मला एकच सांगितलं, ताई आत अजून एक पोरगा आहे, 18 पूर्ण होऊन दोन महिने झालेत, बाहेरच्या राज्यातला आहे, त्याला मुलाकातीला कोणीच येत नाही. त्याच्यासाठी मी अर्ज करू शकते का? मी त्याची कोणीच नाही.

लीगल_एड_वकील:

करू शकता. सुनील बत्रासुद्धा त्या कैद्याचा कोणी नव्हता. उद्या 11 ला त्याच मॅडमकडे जा, भावाने सांगितलेलं नाव आणि बरॅक नंबर एका कागदावर लिहून न्या, आणि ऑफिसला सुट्टी असेल तर 15100 ला फोन करा, विधी सेवेची हेल्पलाइन आहे. आजची रात्र तो त्याच बरॅकमध्ये आहे, म्हणून उद्याच जा.

बरॅक_ते_घर:

त्या पोराला मनीऑर्डर मी करतो. नाव मिळालं की मेसेज करा.