ब्रिटनमध्ये उच्चारावरून वर्ग ओळखतात, तो नेमका कशावरून?

चौकस नाशिककर
ब्रिटनमध्ये माणसाने तोंड उघडलं की तो कुठला आणि कोणत्या घरातला हे कळतं, असं नेहमी ऐकू येतं. कुठला, हे समजू शकतो. कोल्हापूर आणि नागपूर आपणही दोन वाक्यांत ओळखतो. पण वर्ग कसा कळतो? कान नेमके कोणते आवाज टिपतो? बर्मिंगहॅमच्या बोलीला एवढं हिणवतात, ते ती खरंच कानाला वाईट लागते म्हणून, की दुसरंच काही आहे? मुलाखतीत याचा किती फरक पडतो तेही जाणकारांनी लिहावं. 'सगळ्या बोली गोडच' छापाची उत्तरं कृपया नकोत.

ध्वनिवेडा
आधी रचना बघा, मग आवाज. कामगारवर्गात गावागणिक बोली बदलते. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांत जेमतेम ५० किलोमीटर, पण बोलणं अगदी वेगळं. वर्गाच्या शिडीवर जसजसं वर जावं तसतसे हे फरक पुसट होतात आणि टोकाला एकच उच्चार उरतो, ज्यावरून गाव कळतच नाही. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्सने १९१७च्या उच्चारकोशात त्याला 'पब्लिक स्कूल' उच्चार म्हटलं होतं (तिथल्या पब्लिक स्कूल म्हणजे महागड्या खाजगी शाळा), आणि १९२६पासून 'रिसीव्हड प्रनन्सिएशन', म्हणजे आरपी. थोडक्यात, गाव जितकं ठळक ऐकू येतं तितकं ऐकणारा तुम्हाला खाली बसवतो.

आता आवाज.

'ह' गाळणं: 'हाऊस'चं 'आऊस'. इंग्लंडमध्ये वर्गाची ही जुनी आणि ठळक खूण. पण 'टेल हिम'मधला जोर नसलेला 'ह' सगळेच गाळतात, राजघराण्यातलेसुद्धा. शिवाय न्यूकासल आणि स्कॉटलंडमध्ये कामगारही 'ह' शाबूत ठेवतात, तेव्हा तिथे ही खूण चालत नाही.

'ट' घशात अडवणं: 'फुटबॉल'मध्ये व्यंजनाआधी 'ट' गिळला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. 'वॉटर', 'बेटर'मध्ये दोन स्वरांच्या मध्ये गिळला की कपाळाला आठ्या.

'थ'चा 'फ': 'थिंक'चं 'फिंक', 'ब्रदर'चं 'ब्रव्हर'. मूळ लंडनचं, आता देशभर पसरलंय.

'वॉकिंग'चं 'वॉकिन': भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिलने इंग्लंडच्या नॉर्विच शहरात मोजलं (१९७४). सहज बोलण्यात मध्यमवर्गाच्या वरच्या थरात 'इन'चं प्रमाण २८ टक्के, कामगारवर्गाच्या सगळ्यात खालच्या थरात १०० टक्के. गंमत म्हणजे जुने जमीनदार उमरावही 'हंटिन, शूटिन, फिशिन'च म्हणत, आणि त्यांना कुणी अडाणी ठरवलं नाही.

उत्तरेचे दोन स्वर: 'कप'चा 'कुप', आणि 'बाथ'ऐवजी आखूड 'बॅथ'. दोन्ही उत्तरेचेच, तरी दर्जा वेगवेगळा. शिकलेला उत्तरेकडचा माणूस बरेचदा 'कुप' सोडून देतो, पण 'बाथ' म्हणणं त्याला जात बदलल्यासारखं वाटतं. म्हणून तिथल्या वकील-प्राध्यापकांच्या तोंडीही 'बॅथ' बिनदिक्कत ऐकू येतं.

टेम्सकाठी
वरच्यात एक भर. उत्तरेचा माणूस आरपीची नक्कल करायला गेला की तिथेच पकडला जातो. 'कुप'चं 'कप' करायचं हे कळतं, पण 'शुगर' आणि 'बुचर' आरपीतही 'उ'नेच बोलतात. तो त्यांचंही 'शगर', 'बचर' करून बसतो. लांब 'आ'चं तर आणखी अवघड: 'ग्रास', 'पास' लांब, पण 'गॅस', 'मॅस' आखूड. 'डान्स' लांब, 'रोमॅन्स' आखूड. सरळ नियमच नाही, यादी पाठ करावी लागते. ज्याच्या घरात ती लहानपणापासून बोलली गेली त्यालाच ती फुकटात मिळते, बाकीचे अडखळतात. वर्ग कळतो तो इथे.

शब्दखोड
बर्मिंगहॅमबद्दल. २००५ साली ३४ उच्चारांवर सुमारे ५,००० ब्रिटिश लोकांची मतं प्रसिद्ध झाली. प्रतिष्ठेत बर्मिंगहॅम तळाला होतं. २००२च्या एका प्रयोगात पोलीस चौकशीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर संशयित बर्मिंगहॅमच्या उच्चारात बोलला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो जास्त दोषी वाटला. पण ज्यांना ते शहर ठाऊकच नाही अशा परदेशी श्रोत्यांना ही बोली अजिबात कुरूप वाटत नाही. कान ऐकतो ते त्या औद्योगिक शहरातले कारखाने आणि धुराडी, स्वर नव्हे.

याहून पक्का पुरावा 'र'चा. इंग्लंडमध्ये 'कार'मधला शेवटचा 'र' स्पष्ट उच्चारणं हे शेतकऱ्याचं, नैर्ऋत्येकडच्या खेड्याचं लक्षण. न्यूयॉर्कमध्ये बरोबर उलट. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हने १९६२मध्ये तीन दुकानांत गिऱ्हाईक बनून अशाच वस्तू विचारल्या ज्या चौथ्या मजल्यावर होत्या, म्हणजे नोकर 'फोर्थ फ्लोअर' म्हणणारच. 'नीट ऐकू आलं नाही' असं करून पुन्हा वदवून घेतलं. महागड्या सॅक्समध्ये ६२ टक्के नोकरांच्या बोलण्यात 'र' आला, मधल्या मेसीजमध्ये ५१, स्वस्त क्लाइनमध्ये २०. आवाज तोच, इकडे गावंढळ, तिकडे उंची.

चौकस नाशिककर
'फोर्थ फ्लोअर'ची युक्ती झकास! मग आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीला ते कोणत्या वर्गात टाकतात? आणि मुलाखतीचं राहिलंच.

टेम्सकाठी
तिथल्या वर्गाच्या शिडीवर बसवतच नाहीत, 'एशियन' या वेगळ्या खणात टाकतात, आणि २००५च्या यादीत तो खणही तळाच्या बाजूलाच होता. एक योगायोग: आपण 'सिंगिंग'मधला 'ग' वाजवतो, तसाच बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरवालेही वाजवतात. तिथे तो कुणाला खटकणार नाही.

मुलाखतीसाठी आरपी शिकण्यात वेळ घालवू नका, दोन-तीन जागा सुधारा. 'पेन'मधला 'प' थोडा हवा सोडून म्हणा, नाहीतर त्यांना 'बेन' ऐकू येतं. शब्दारंभी 'ट' आणि 'क'चंही तसंच. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' वेगळे ठेवा: पहिल्यात ओठ गोल, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. शब्दावरचा जोर कोशात बघून ठेवा, 'डेव्हलप'मध्ये तो 'व्हे'वर आहे. हे समजण्यासाठी, वर्ग चढण्यासाठी नव्हे.

कायद्याचं म्हणाल तर २०१०च्या समानता कायद्यात उच्चार किंवा वर्ग यांना थेट संरक्षण नाही. वंश किंवा राष्ट्रीयत्वाशी संबंध दाखवता आला तरच दाद मागता येते.

ध्वनिवेडा
लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. मुलाखतीतली एकच उत्तरं पाच वेगवेगळ्या उच्चारांत ऐकवली. सामान्य श्रोत्यांत, विशेषतः वयस्क आणि दक्षिणेकडच्यांत, उच्चारावरून डावं-उजवं करण्याचा कल दिसला. वकिलांनी मात्र उच्चारापेक्षा उत्तराच्या दर्जावर गुण दिले. कल कमी करायचे काही उपाय करून पाहिले, त्यांत सगळ्यात चांगला ठरला तो साधा: गुण देण्याआधी, उच्चारामुळे मत झुकू शकतं असा छोटा मजकूर वाचायला देणं. कुणी भरतीच्या कामात असाल तर गुणपत्रिकेच्या वरच दोन ओळी छापून टाका.