एक्स्चेंज सत्रातला नाताळ: जर्मनीत थांबावे की फिरायला निघावे?

उत्तरायण (धागाकर्ता):
हिवाळी सत्रासाठी एक्स्चेंजवर जर्मनीला गेलेली आपली बहुतेक मुले नाताळात तिथे थांबत नाहीत, असे मी पाहतो. व्याख्याने साधारण दोन आठवडे बंद, हातात शेंगेन देशांत फिरू देणारा व्हिसा आणि नोव्हेंबरातच काढून ठेवलेली रात्रीच्या बसची तिकिटे; मग प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी वारी करून मंडळी थेट जानेवारीत परततात. मला हे पटत नाही. ज्या गावात सत्रभर राहायचे, त्या गावाचा वर्षातला सर्वांत मोठा सण तोंडावर आला असताना तिथून काढता पाय घेणे, हे पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री हंपीची गाडी पकडण्यासारखे आहे.

राईनकाठ:
तुलना आकर्षक असली तरी लागू पडत नाही. आपली दिवाळी दारात आणि रस्त्यावर असते. आकाशकंदील दिसतात, किल्ले दिसतात, फराळाचे ताट शेजारी जाते. जर्मन नाताळ २४ डिसेंबरच्या दुपारी दार लावून घरात जातो. दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात, २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजारसुद्धा २४ तारखेलाच आटोपतो. २०२६ मध्ये तर २७ तारखेला रविवार येत असल्याने गुरुवारी दुपारी बंद झालेली दुकाने सोमवारीच उघडतील. ज्याने आधी पीठ-दूध भरून ठेवले नाही, त्याला रेल्वे स्थानकातल्या महागड्या दुकानाचाच आधार.

बाहेरच्या माणसाला दिसणारा सण त्याआधीच्या चार आठवड्यांत होऊन गेलेला असतो. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, दर रविवारी हिरव्या डहाळ्यांच्या चक्रातली एकेक पेटती मेणबत्ती वाढत जाते, ५ डिसेंबरच्या रात्री मुले भेटी आणणाऱ्या संत निकोलाउससाठी दाराबाहेर बूट ठेवतात, आणि बाजारात मसाला घातलेली गरम वाइन ज्या मगातून मिळते त्यावर त्या गावाचे चित्र असते. मगासाठी अनामत भरावी लागते. परत केला तर पैसे मिळतात, आवडला तर घरी न्यावा. हे सगळे मनापासून अनुभवा आणि २४ तारखेला खुशाल निघा. कुलूप लावलेल्या गावात बसून कोणती संस्कृती कळणार आहे?

उत्तरायण:
दार लागते हे खरे, पण ते आतून उघडतेही. अडचण अशी की जर्मन माणूस संकोची असतो. तुमचे काहीतरी ठरलेच असेल असे धरून तो विचारत नाही. आपण सरळ सांगावे लागते की मी सुट्टीत इथेच आहे. मी सांगितले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने आपल्या घरी बोलावले. दिवाणखान्याचे दार बंद होते, घरातली मुले बाहेर ताटकळत होती, आतून छोटी घंटा वाजली आणि मगच झाड व भेटवस्तू पाहायला मिळाल्या. एवढ्या मोठ्या सणाच्या रात्री जेवायला होते बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज (शाकाहाऱ्यांनी आधी सांगून ठेवावे), आणि सॅलडमध्ये मेयोनेज घालायचे की दक्षिणेच्या रीतीने रस्सा व व्हिनेगर, यावर आजी आणि सुनेचा वाद पुरणात जायफळ की वेलची इतक्याच तळमळीने चालला होता. हे कोणत्याही बाजारात दिसत नाही.

वसईकर:
आपण दोघेही नाताळ हा 'त्यांचा' सण धरून बोलत आहात. वसईतून किंवा गोव्यातून गेलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याचे काय? त्याला संस्कृती बघायची नसते. त्याचा स्वतःचा गोठा (येशूजन्माचा देखावा), मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि माणसांनी भरलेले घर मागे राहिलेले असते. जर्मन चर्चमध्ये मी गेलो, उपासना ओळखीची होती, पण संपताच सगळे शांतपणे आपापल्या गाड्यांकडे निघून गेले. मला सण भेटला तो एका मल्याळी कुटुंबात. केरळमधून परिचारिका १९६० च्या दशकापासून जर्मनीत आल्या आणि अनेक शहरांत त्यांच्या पुढच्या पिढ्या आहेत. तिथे रात्री उशिरापर्यंत घरात गोंगाट होता आणि मला तोच हवा होता. ऐपत असेल तर अशा मुलाने घरी यावे. फक्त व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे की नाही, हे तिकिटाआधी पाहावे.

एक पालक:
मला यातला अंधार महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरअखेर बर्लिनमध्ये उजेड आठ तासही नसतो, वसतिगृह रिकामे, खानावळ बंद आणि सामाईक फ्रिजमध्ये एकट्या आपल्या मुलाचा कप्पा भरलेला. सण समजून घेण्यासाठी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने हे सोसावे, असे मी तरी म्हणणार नाही. मित्रांबरोबर प्रागला गेला तर मला रात्री झोप लागेल.

राईनकाठ:
पालकताईंशी सहमत. शिवाय उत्तरायण यांच्या सल्ल्यात एक व्यावहारिक पेच आहे. निमंत्रण आले तर डिसेंबरच्या मध्यावर येते आणि स्वस्त तिकीट नोव्हेंबरात संपते. वाट पाहून निमंत्रण आले नाही, तर मूल दोन्हीकडून अडकते.

उत्तरायण:
पेच मान्य आहे, आणि ज्याला एकटेपणा झेपत नाही त्याने जरूर जावे. पण निमंत्रणाची वाट कशाला पाहायची? अनेक विद्यापीठांच्या गावांत चर्चशी जोडलेली विद्यार्थी मंडळे मागे राहिलेल्या मुलांसाठी २४ तारखेचे जेवण ठेवतात. तिथे धर्म विचारत नाहीत आणि एखादा पदार्थ करून नेला तर स्वागतच होते. नोव्हेंबरात तिकिटाऐवजी तिथे नाव नोंदवावे. परीक्षा बहुधा फेब्रुवारीत संपतात, सत्र कागदोपत्री ३१ मार्चपर्यंत चालते, आणि प्रागची बस मार्चमध्ये नाताळाच्या मानाने स्वस्तच पडते.